मनोरीचा खडक, इथिओपियाची राख आणि मावशींचे बोंबील

आजचा भाग स्टुडिओत नाही, मनोरीच्या किनाऱ्यावर बसून बोलतेय. मागे लाटांचा आवाज येत राहील, मध्येच एखादी बोट फटफटत जाईल, तेवढं सांभाळून घ्या. हेडफोन असतील तर लावा.

ज्यांना मनोरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मालाडला उतरायचं, मार्वे जेट्टीला जायचं आणि फेरीबोटीत चढायचं. खाडी ओलांडायला काही मिनिटं लागतात. पलीकडे पाय ठेवला की आपण अजून मुंबईतच आहोत यावर विश्वास बसत नाही. माड, जुनी घरं, क्रूस आणि बांबू बांधून त्यावर वाळत घातलेले बोंबील.

आजचा विषय या बोंबलांपासूनच सुरू होतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात, २५ तारखेला मंगळवारी सकाळी मी याच फेरीबोटीत होते. शेजारच्या एका मावशींनी मोबाइल माझ्यापुढे धरला. फॉरवर्ड आलेला होता. आफ्रिकेतल्या ज्वालामुखीची राख भारतावर आलीय, आज आम्लाचा पाऊस पडणार, घराबाहेर पडू नका, वगैरे. खाली दहा जणांना पाठवा, हे होतंच.

मावशी म्हणाल्या, "बाय, हे खरं हाय का गं? मासळी वाळत घालू की नको?"

बघा, किती नेमका प्रश्न आहे. राख पडणार की नाही? आज, इथे, माझ्या मासळीवर? मी फोन काढला, पाच मिनिटं शोधलं आणि म्हटलं, "घाला मावशी, ढग खूप उंचावर आहे, आणि गुजरात-राजस्थानवरून दिल्लीकडे गेलाय." त्यांनी मान डोलावली, विषय संपला. त्यांच्यासाठी.

माझ्यासाठी तिथून सुरू झाला. कारण परत येताना डोक्यात आलं की मी हे इतक्या खात्रीनं सांगितलं ते कुणाच्या जिवावर? तो ढग कुणी बघितला? कुणी मोजला? आणि मालाडच्या एका बाईला तो फुकटात कसा काय दिसला?

आधी काय झालं होतं ते थोडक्यात. इथिओपियाच्या ईशान्येला अफार नावाचा प्रदेश आहे. तिथे हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी. गेल्या सुमारे १२ हजार वर्षांत त्याचा उद्रेक झाल्याची नोंदच नव्हती. तो रविवारी, २३ नोव्हेंबरला फुटला. राख जवळपास १४ किलोमीटर उंच गेली. वाऱ्यानं ती तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमानवरून अरबी समुद्रावर आणली आणि सोमवारी रात्री ती भारताच्या आकाशात शिरली. एअर इंडिया, आकासा यांनी काही उड्डाणं रद्द केली. मंगळवारी संध्याकाळपर्यंत ढग चीनकडे सरकला.

आता या ढगात दोन गोष्टी असतात. एक राख, म्हणजे खडकाचा आणि काचेचा अगदी बारीक चुरा. दुसरी वायू. सगळ्यात जास्त असते पाण्याची वाफ, मग कार्बन डायऑक्साइड आणि मग आजचा आपला हिरो, किंवा व्हिलन म्हणा, सल्फर डायऑक्साइड. गंधकाचा वायू. फटाके फुटल्यावर नाकात जो झोंबतो ना, त्यातला एक हाच.

याच वायूला एवढं महत्त्व का? कारण वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हवेत आधीपासूनच भरपूर असतात, त्यात ज्वालामुखीचा वाटा वेगळा काढणं कठीण. सल्फर डायऑक्साइड एरवी हवेत फार थोडा असतो. आणि तो सूर्याच्या अतिनील किरणांमधले ठरावीक किरण गिळतो. म्हणजे योग्य यंत्रातून आकाशाकडे पाहिलं की तो कुठे आणि किती आहे ते कळतं.

जरा खाली बघूया. मी ज्या खडकावर बसलेय तो काळा नाही, फिकट आहे. सह्याद्रीत दिसतो तो काळा बेसाल्ट, हा ट्रॅकाइट. दोन्ही लाव्हाचेच. हेतु शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मनोरी आणि साकीनाका इथल्या ट्रॅकाइटचं वय प्रसिद्ध केलं. सुमारे ६ कोटी ते ६ कोटी २० लाख वर्षं. साकीनाका मेट्रो स्टेशनवर घाम पुसत उभे असाल तर लक्षात ठेवा, तुम्ही ज्वालामुखीच्या अंगणात आहात.

दख्खनचा मोठा लाव्हा त्याच्याही आधीचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या थरांना भूशास्त्रज्ञांनी दिलेली नावं ऐका: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, खंडाळा, पोलादपूर, महाबळेश्वर. आपल्या ट्रेकची यादीच. त्या लाव्हातून निघालेला वायू केव्हाच उडून गेला. पण स्फटिकांमध्ये त्याच्या खुणा उरल्यात. २०२३ मध्ये नॉर्वे, कॅनडा, इटली अशा देशांतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातल्या खडकांमधलं गंधक आणि फ्लोरीन मोजून दाखवलं, की डायनासोर नाहीसे होण्याच्या आधीच या वायूमुळे पृथ्वीवर वारंवार थंडीच्या लाटा आल्या असाव्यात. खडक आपला, प्रयोगशाळा त्यांच्या. तेव्हाही महाराष्ट्रातून निघालेला वायू महाराष्ट्रात थांबला नव्हता.

मग आज तो का थांबेल?

आता एक गोष्ट सांगते. फिलिपिन्समध्ये पिनातुबो नावाचा डोंगर आहे. १९९१ च्या एप्रिलमध्ये तो जागा झाला. तिथली सरकारी ज्वालामुखी संस्था फिवोल्क्स आणि अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं एकत्र कामाला लागले. त्यांच्याकडे कॉस्पेक नावाचं एक यंत्र होतं. हे मुळात कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर मोजायला बनवलेलं. १९७० च्या दशकात कुणाच्या तरी डोक्यात आलं की डोंगर हेही एक धुराडंच की!

मे महिन्याच्या मध्याला पिनातुबोतून दिवसाला सुमारे ५०० टन सल्फर डायऑक्साइड निघत होता. २८ मे रोजी आकडा ५,००० टनांच्या वर गेला. म्हणजे ताजा लाव्हारस वर येतोय. आणि मग जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा एकदम ३०० टनांच्या खाली आला.

तुम्ही काय म्हणाल? शांत झाला. बरं झालं.

घरचा कुकर आठवा. गॅस मोठा आहे, शिट्ट्या होत होत्या आणि अचानक शिट्टी बंद. स्वयंपाकघरातला अनुभवी माणूस त्यावर खूश होत नाही, लगेच गॅस बंद करतो. पिनातुबोचंही तेच असावं, वायूची वाट बुजली असावी, असं शास्त्रज्ञांना वाटलं. भूकंपाच्या नोंदी होत्या, वर येणारा लाव्हा दिसत होता. सगळं एकत्र करून इशारे वाढवले, हजारो माणसं हलवली. १५ जूनला विसाव्या शतकातल्या सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. माणसं गेली, पण जी हजारोंनी जाणार होती ती वाचली.

यात दोन देश होते. यंत्र एकाचं, डोंगर दुसऱ्याचा. आणि निर्णय डोंगरवाल्यांनी घेतला. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत येणार आहे.

आता विमानांकडे येऊ. १९८२ चा जून. लंडनहून ऑकलंडला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो जेट. वाटेतला एक थांबा आपली मुंबई. पुढे इंडोनेशियाच्या जावा बेटाजवळ, रात्रीच्या अंधारात ते गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलं आणि चारही इंजिनं बंद पडली. चारही! विमान तरंगत खाली येत राहिलं, राखेतून बाहेर आल्यावर इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरलं. समोरची काच राखेनं घासून इतकी धूसर झालेली, की वैमानिकांना धावपट्टी धड दिसत नव्हती.

अशा अनुभवांतून जगानं एक व्यवस्था उभी केली. पृथ्वीचं आकाश नऊ केंद्रांत वाटून घेतलं: अँकरेज, ब्वेनोस आयरेस, डार्विन, लंडन, माँट्रियल, टोकियो, तुलूझ, वॉशिंग्टन आणि वेलिंग्टन. आपापल्या हद्दीत कुठेही राख उडाली की त्या केंद्रानं इशारा काढायचा. हायली गुब्बीच्या वेळी इशारे फ्रान्समधल्या तुलूझहून निघत होते. त्यावरून आपल्या हवामान खात्याच्या मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या कार्यालयांनी वैमानिकांसाठी सूचना काढल्या.

म्हणजे साखळी बघा. डोंगर इथिओपियाचा, इशारा फ्रान्सचा, सूचना मुंबईची आणि शेवटी प्रश्न मनोरीच्या मावशींचा.

आणि तुलूझवाल्यांना ढग दिसतो कसा? उपग्रहांवरून. १९७८ मध्ये नासानं एक यंत्र ओझोन मोजायला वर पाठवलं. १९८२ मध्ये मेक्सिकोतला एल चिचोन फुटला तेव्हा त्या यंत्राच्या नोंदींत भलतंच काही दिसायला लागलं. तो सल्फर डायऑक्साइड होता. अंतराळातून ज्वालामुखीचा वायू दिसतो हे असं, चुकून कळलं. पुढे २००४ मध्ये नेदरलँड्स आणि फिनलंडनं बनवलेलं ओमी हे यंत्र अमेरिकेच्या उपग्रहावर बसून गेलं. २०१७ मध्ये युरोपचा सेंटिनेल-५पी गेला, त्यावर ट्रोपोमी नावाचं यंत्र. त्याची माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. तुम्हाला, मला, कुणालाही. ब्रसेल्समधली एक संस्था वेगवेगळ्या उपग्रहांची माहिती रोज चाळते आणि गंधकाचा मोठा ढग दिसला की आपोआप ई-मेल पाठवते.

गंमत म्हणजे हे डोळे फक्त ज्वालामुखी बघत नाहीत. ओमीच्या नोंदींवरून जगातल्या सल्फर डायऑक्साइडच्या जवळपास ५०० ठिकाणांची यादी झाली. त्यात ज्वालामुखी साधारण पाऊणशे. बाकीचे बहुतेक आपणच: कोळशाची वीजकेंद्रं, तेलशुद्धीकरण, धातूच्या भट्ट्या. आपल्या सिंगरौलीची वीजकेंद्रंही या नकाशांवर ठळक दिसतात. आफ्रिकेच्या ढगाला घाबरून फॉरवर्ड करताना हेही आठवलेलं बरं.

मग सगळं छानच आहे की! उपग्रह आहेत, नऊ केंद्रं आहेत, मोबाइल आहे. अडचण कुठे आहे?

अडचण अशी, की ही व्यवस्था लांबच्या माणसांसाठी छान आहे. आपल्यासाठी. विमानात बसलेल्यांसाठी. ट्रोपोमी एका जागेवरून साधारण दिवसातून एकदा, दुपारी दीडच्या सुमारास जातो. त्याला ऊन लागतं, रात्री तो आंधळा. आणि त्याला मोठा ढग स्पष्ट दिसतो. पण उद्रेकाच्या आधी डोंगरातून जो थोडा थोडा वायू निघतो, जमिनीलगत, तो तीन-चारशे किलोमीटरच्या कितीतरी वरून टिपणं अवघड असतं. पिनातुबोचा तो ५०० आणि ५,००० चा फरक रोजच्या रोज कळायला यंत्र डोंगराच्या पायथ्याशी हवं.

अशी यंत्रं आहेत. २००५ मध्ये युरोपच्या पैशातून नोव्हॅक नावाचं जाळं सुरू झालं. त्याचा कारभार स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातून चालतो. एक छोटी दुर्बीण एका क्षितिजापासून दुसऱ्या क्षितिजापर्यंत आकाश झाडून काढते, वायू मोजते, त्याला वाऱ्याचा वेग जोडला की दिवसाला किती टन ते कळतं. कोलंबियाचा नेवादो देल रुईझ, इक्वाडोरचा तुंगुराहुआ, मेक्सिकोचा पोपोकातेपेत्ल, काँगोचा न्यिरागोंगो अशा डोंगरांवर ही यंत्रं बसली. सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे यंत्र चालवतात त्या त्या देशातल्या वेधशाळा. मोजणारे हात तिथलेच.

पण यंत्र बसवलं की काम संपत नाही. ते रोज चालवावं लागतं. त्याला वीज लागते, इंटरनेट लागतं, पगार लागतात. न्यिरागोंगोच्या पायथ्याला गोमा नावाचं लाखोंचं शहर आहे. तिथल्या वेधशाळेला मिळणारी परदेशी मदत २०२० मध्ये संपली. इंटरनेटचे पैसे भरायला नव्हते म्हणून डोंगरावरच्या उपकरणांची माहिती कित्येक महिने येतच नव्हती. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पुन्हा सुरू झाली. २२ मे २०२१ ला न्यिरागोंगो फुटला. ३० हून जास्त माणसं गेली. सगळं सुरळीत असतं तर नक्की आधी कळलं असतं, असं म्हणता येत नाही. तो डोंगर फसवा आहे. पण लाखो लोकांच्या डोक्यावरचा ज्वालामुखी आणि नेटचं बिल थकलेलं! आपला रिचार्ज एक दिवस संपला तर आपण कासावीस होतो.

आणि हायली गुब्बी? ढगावर आपण सगळ्यांनी नजर ठेवली. पण तिथे खाली, अफदेरा भागातल्या गावांवर राख बसली. ते लोक शेळ्या-उंट राखणारे. जनावरांना खायला चारा राहिला नाही. मावशींनी मला विचारलं, मासळी वाळत घालू का. तिथल्या बाईनं शनिवारी, उद्रेकाच्या आदल्या दिवशी, कुणाला विचारायचं होतं की शेळ्या आज कुठे नेऊ?

माझं म्हणणं एवढंच आहे. आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नुसतं उपग्रहाचं चित्र सगळ्यांना फुकट देणं नव्हे. ते हवंच, पण ते मिळतं मुख्यतः ज्यांच्या हातात आधीच फोन आणि नेट आहे त्यांना. ज्याच्या दारात डोंगर आहे त्याच्या हातात यंत्र, आणि ते दहा-वीस वर्षं चालू ठेवण्याची सोय, यावरून सहकार्य मोजायला हवं.

"पण यात आपण काय करणार? आपल्याकडे कुठे ज्वालामुखी?" आहे की. अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १४० किलोमीटर. दीडशेहून जास्त वर्षं झोपून तो १९९१ मध्ये जागा झाला. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं सिंधु संकल्प जहाज तिथे समुद्रतळाचे नमुने घेत होतं. अभय मुधोळकरांच्या नेतृत्वाखालचं पथक होतं. अचानक बेट राख ओकायला लागलं. पथकानं जहाज सुमारे मैलभर लांब नेऊन बघितलं, तर पाच-दहा मिनिटांचे छोटे छोटे उद्रेक चालू होते. आणि बॅरनच्या राखेचे इशारे कोण काढतं? ऑस्ट्रेलियातलं डार्विन. इथेही डोंगर आपला, नजर दुसऱ्याची.

आता उलटी बाजू. हीच गोष्ट वादळांच्या बाबतीत भारत करतो. उत्तर हिंद महासागरातल्या चक्रीवादळांचे इशारे दिल्लीच्या केंद्रातून निघतात आणि ते ओमान, येमेन, बांगलादेश, मालदीव अशा १३ देशांच्या गटासाठी असतात. नावंही सगळे मिळून देतात. २०२१ मध्ये आपल्या किनाऱ्याला झोडपणारं तौक्ते आठवतं? ते नाव म्यानमारनं दिलेलं. मनोरीच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. समुद्रात गेलेल्या बोटीला वारा फिरल्याची खबर द्यायची असते, मग ती बोट कुणाच्याही गावची असो.

मग वायूच्या बाबतीतही आपण फक्त घेणारे का राहायचं? आपल्याकडे माणसं आहेत, अनुभव आहे. टीआयएफआरच्या हैदराबादच्या बलून केंद्रातून इस्रो आणि नासानं मिळून २०१४ पासून काही वर्षं फुगे सोडले, मान्सूनच्या वरच्या हवेतले कण मोजायला. त्याच्या आधी, २०११ मध्ये, अफारच्याच शेजारी इरिट्रियातला नाब्रो फुटला होता. त्याचं गंधक स्थितांबरात गेलं. काही शास्त्रज्ञ म्हणाले, आपल्या मान्सूननं ते वर ओढलं. काही म्हणाले, डोंगरानंच तेवढं वर फेकलं. वाद झाला. पण बघा, आफ्रिकेतल्या डोंगराचं कोडं सोडवताना आपला पाऊस मध्ये आला.

आणि हे उलटही होऊ शकतं. १७८३ मध्ये आइसलंडमधल्या लाकीच्या भेगेतून आठ महिने सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड निघाला. आइसलंडची पाचवा हिस्सा माणसं गेली. २००६ मधल्या एका संगणकी अभ्यासानुसार त्या वायूमुळे आफ्रिकेतला आणि भारतातला मान्सून कमजोर पडला असावा. त्याच सुमारास उत्तर हिंदुस्थानात चालिसाचा भयंकर दुष्काळ पडला होता. सगळा दोष लाकीला देता येणार नाही, दुष्काळाला इतरही कारणं असतात. पण त्या वेळच्या शेतकऱ्याला आइसलंड नावाचं काही आहे हे तरी माहीत होतं का? आपल्याला माहीत आहे. आपण बघू शकतो.

तर मंडळी, आज रात्री एक काम करा. फोनवर कोपर्निकस ब्राउझर उघडा. सेंटिनेल-५पी निवडा, त्यात सल्फर डायऑक्साइड निवडा, तारीख टाका २४ नोव्हेंबर २०२५. अरबी समुद्रावर बघा. मग नकाशा सरकवत सिंगरौलीवर आणा. आणि पुढच्या वेळी घरच्या ग्रुपवर तसला फॉरवर्ड आला ना, तर "फेक आहे" एवढं म्हणून सोडू नका. ढग कुठे आहे, किती उंचावर आहे, आपल्यावर पडणार की नाही, ते बघून सांगा. मावशींना तेवढंच हवं असतं.

तुमच्यापैकी कुणी भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स, डेटा असं काही शिकत असेल तर त्या छोट्या दुर्बिणीबद्दल नक्की वाचा. बॅरनसाठी, अफारसाठी अशी यंत्रं स्वस्तात बनवणारी आणि चालती ठेवणारी माणसं लागणार आहेत.

शेवटची फेरी चुकली तर मला रस्त्यानं मोठा वळसा पडेल, तेव्हा आवरते. आणि हो, त्या दिवशी वाळत घातलेले बोंबील मावशींनी नंतर मला पिशवीभर दिले. राख नव्हती, मीठ मात्र भरपूर होतं.

भाग आवडला तर ज्याला खाडीपलीकडचं मनोरी माहीत नाही अशा एकाला तरी पाठवा. दहा जणांना नको, एकच पुरे. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!